वाचकांचे प्रश्न : चार कोटी अंकांची मूळ संख्या आणि तिच्याहून अवघड तीनशे अंकांची

मोठ्या मूळ संख्यांवर आलेल्या पत्रांतले सात प्रश्न इथे घेतले आहेत. एकसारखे होते ते एकत्र केले. घात दाखवायला ^ ही खूण वापरली आहे. म्हणजे २^५ हा २ चा पाचवा घात, ३२.

प्रश्न : आजवर सापडलेल्या सर्वांत मोठ्या मूळ संख्येत चार कोटींहून जास्त अंक आहेत म्हणे. एवढे अंक कोणी मोजले? आणि सगळी संख्या न लिहिता तिचे पहिले-शेवटचे अंक कसे सांगतात?

ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांना जिम्प्स या सामूहिक प्रकल्पातून सापडलेली २^१३६२७९८४१ − १ ही ती संख्या. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. तिच्या आधीचा विक्रम डिसेंबर २०१८ मधला, २,४८,६२,०४८ अंकांचा. ‘सर्वांत मोठी मूळ संख्या’ अशी काही वस्तू नसते, कारण मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडपासून ठाऊक आहे. म्हणून ‘ज्ञात असलेली सर्वांत मोठी’ असंच म्हणायचं.

अंक मोजायला संख्या लिहावी लागत नाही. घातांकाला २ च्या लॉगने (पाया १०) गुणा, पूर्णांक भाग घ्या, त्यात १ मिळवा. मात्र लॉग किती दशांश स्थळांपर्यंत घेता याला फार महत्त्व आहे. लॉगच्या तक्त्यातला ०.३०१०३ वापरलात तर गुणाकार ४१०२४३२०.५३६ येतो आणि अंकसंख्या ४१०२४३२१ निघते, एकाने चुकीची. ०.३०१०२९९९५६६४ घेतलात तर ४१०२४३१९.९४५३ येतो आणि उत्तर बरोबर ४१०२४३२० मिळतं. घातांक नऊ अंकी असल्यामुळे लॉगमधली नवव्या स्थळाची चूक थेट उत्तरात उतरते. वजा १ ची काळजी नको. २ चा कोणताही घात शून्याने संपत नाही, त्यामुळे १ वजा केल्याने अंक कमी होत नाहीत.

त्याच गुणाकाराच्या अपूर्णांक भागातून पहिले अंक मिळतात. १० चा ०.९४५३ वा घात सुमारे ८.८१७, म्हणजे संख्या ८८१… ने सुरू होते. आणखी अंक हवे असतील तर लॉग आणखी लांब घ्या.

शेवटचे अंक कागदावरही निघतात. २ च्या घातांचे शेवटचे तीन अंक २^३ पासून पुढे दर १०० घातांनी पुन्हा तेच येतात. म्हणून १३६२७९८४१ मधले फक्त ४१ पाहायचे. २^४१ = २१९९०२३२५५५५२, म्हणजे शेवटचे तीन अंक ५५२; १ वजा करून ५५१. आपली संख्या ५५१ ने संपते.

द्विमान पद्धतीत ही संख्या म्हणजे ओळीने १३,६२,७९,८४१ वेळा १, बाकी काही नाही. संगणकात ती सुमारे १७ मेगाबाइटमध्ये मावते, दशमान अंकांच्या फाइलला सुमारे ४१ मेगाबाइट लागतात. पायथॉनमध्ये ती क्षणात तयार होते, पण छापायला सांगितलं की नव्या आवृत्त्या त्रुटी दाखवतात. संख्येचं मजकुरात रूपांतर करायला तिथे ४३०० अंकांची मर्यादा घातलेली आहे. ती सेटिंगमधून काढता येते, तरीही रूपांतराला वेळ लागतोच. नुसते शेवटचे अंक हवे असतील तर घाताच्या फंक्शनला तिसरा आकडा म्हणून १० चा हवा तो घात द्या. अख्खी संख्या तयारच करावी लागत नाही.

प्रश्न : या संख्येला दुसरा विभाजक नाही हे कसं ठरवलं? वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं का?

नाही, आणि तसं कधीच जमणार नाही. भागून पाहण्याची पद्धत वीसेक अंकांपर्यंत चालते. २० अंकी संख्येचं वर्गमूळ १० अंकी असतं आणि १० अब्जांच्या आतल्या मूळ संख्या ४५,५०,५२,५११ आहेत. एवढे भागाकार संगणक करू शकतो. ४० अंकांवर ही वाट बंद होते. इथे तर वर्गमूळच दोन कोटींहून जास्त अंकांचं आहे.

मदतीला येतं ते संख्येचं रूप. २^प − १ या रूपातल्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. प संयुक्त असेल तर मर्सेन संख्याही संयुक्तच: १५ = ३ × ५, म्हणून २^१५ − १ ला २^३ − १ आणि २^५ − १ या दोघांनी भाग जातो (३२७६७ = ७ × ३१ × १५१). प मूळ असला म्हणजे काम झालं असंही नाही; २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. पण प विषम मूळ असेल तर ल्यूका–लेमर चाचणी हो-नाहीचा पक्का निकाल देते.

चाचणी अशी. ४ ने सुरुवात करा. दर फेरीत आलेल्या संख्येचा वर्ग करा, २ वजा करा आणि २^प − १ ने भागून बाकी ठेवा. अशा प − २ फेऱ्या झाल्यावर बाकी ० आली तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. १२७ म्हणजे २^७ − १ घेऊ. पाच फेऱ्या:

४ → १४ → ६७ → ४२ → १११ → ०

शून्य आलं, १२७ मूळ. २०४७ साठी नऊ फेऱ्या: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी शून्य नाही, म्हणून संयुक्त.

खरी गंमत भागाकारात आहे, कारण तो करावाच लागत नाही. वरच्या तिसऱ्या फेरीत ६७ चा वर्ग उणे २ म्हणजे ४४८७. त्याचे १२८ चे गठ्ठे पाडले तर ३५ गठ्ठे आणि वर ७. ३५ + ७ = ४२, हीच १२७ ने भागल्यावरची बाकी. १२८ म्हणजे १२७ + १, त्यामुळे प्रत्येक गठ्ठ्यामागे बाकीत १ येतो. द्विमान पद्धतीत गठ्ठे पाडणं म्हणजे अंकांची रांग प व्या जागी तोडून वरचा तुकडा खालच्यात मिळवणं. कोट्यवधी अंकांचा भागाकार एका बेरजेवर आला. मर्सेन संख्या विक्रमांच्या यादीत सारख्या वर दिसतात त्याचं निम्मं कारण हे, उरलेलं निम्मं चाचणीच्या साधेपणात.

स्वतः प्रोग्राम लिहिणारे बहुधा तीन ठिकाणी अडखळतात. पहिलं म्हणजे फेऱ्या. ४ ही सुरुवात आहे, ती फेरी धरायची नाही. दुसरं, आधी बाकी काढून मग २ वजा केले आणि बाकी ० किंवा १ असली, तर उत्तर ऋण येतं. तिथे २^प − १ मिळवायला हवं. तिसरी चूक सर्वांत फसवी. शेवटच्या फेरीत १११ चा वर्ग उणे २ = १२३१९, म्हणजे १२८ चे ९६ गठ्ठे आणि ३१; बेरीज १२७. ही शून्यच आहे, पण प्रोग्रामला १२७ आणि ० वेगळे दिसतात, आणि तो खऱ्या मूळ संख्येला संयुक्त ठरवून मोकळा होतो.

चार कोटी अंकांच्या संख्येला अशा १३,६२,७९,८३९ फेऱ्या लागतात.

या चाचणीतून विभाजक मात्र कळत नाहीत. २^प − १ मूळ येते अशा घातांकांची यादी मर्सेन यांनी १६४४ मध्ये दिली, तीत ६७ होता. ल्यूका यांनी १८७६ मध्ये २^६७ − १ संयुक्त असल्याचं दाखवलं, पण तिचे अवयव हाती आले नाहीत. ते फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये मांडले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७.

प्रश्न : २१४७४८३६४७ ही संख्या संगणकात सारखी दिसते. ती मूळ आहे हे साध्या कॅल्क्युलेटरवर सिद्ध करता येईल का?

येईल. दहा अंकी पडदा हवा आणि एक निवांत दुपार. ही २^३१ − १ आहे. ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच, म्हणून ती सारखी भेटते. ऑयलर यांनी १७७२ मध्ये ती मूळ असल्याचं सिद्ध केलं आणि तेही ल्यूका–लेमर चाचणी नसताना.

वर्गमूळ ४६३४० च्या किंचित वर आहे. सरळ भागायचं तर सुमारे ४८०० मूळ संख्या तपासाव्या लागतील. त्या गाळायच्या कशा ते पाहा. क्ष हा मूळ विभाजक असेल तर २^३१ ला क्ष ने भागून बाकी १ उरते. ३१ मूळ असल्यामुळे याहून लहान घाताला ती बाकी येऊ शकत नाही (घात १ ला आली तर क्ष ने १ ला भाग जायला हवा). म्हणून क्ष − १ ला ३१ ने भाग गेलाच पाहिजे. क्ष विषम आहे, तेव्हा ६२ नेही. शिवाय २^३२ ची बाकी २ येते, म्हणजे २ ही २^१६ च्या वर्गाची बाकी झाली. २ अशी वर्गाची बाकी असते ती फक्त ८ ने भागून १ किंवा ७ उरणाऱ्या मूळ संख्यांसाठी. दोन्ही अटी एकत्र केल्या की उमेदवार दोनच साच्यांत उरतात: २४८क + १ आणि २४८क + ६३ (क ही कोणतीही पूर्ण संख्या).

४६३४० पर्यंत अशा ३७३ संख्या आहेत, आणि त्यांतल्याही बऱ्याच गळतात. पहिल्या अकरा पाहा: ६३, २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१, १३०३. यांत मूळ फक्त ३११ आणि १३०३. बाकीच्यांनी भागून पाहायचं कारण नाही. ३११ ने भागल्यावर बाकी ३५ उरते, १३०३ ने २२६. असंच पुढे जायचं. शून्य बाकी कुठेही येत नाही.

प्रश्न : मी फर्माच्या प्रमेयावर प्रोग्राम लिहिला. न मूळ असेल तर २^(न−१) ला न ने भागून बाकी १ येते, म्हणून २ पासून १००० पर्यंत हे तपासलं. मूळ संख्या १६८ हव्यात, मला १७० मिळतात. दोन जास्त कुठून आल्या?

दोन नाही, तीन जास्त आल्या आणि एक हरवली. हरवलेली २ आहे: २^१ ला २ ने भागून बाकी ० येते, त्यामुळे प्रोग्रामने तिला वगळलं. जास्तीच्या ३४१, ५६१ आणि ६४५. या संयुक्त आहेत, पण २ या पायाला (ज्याचा घात घेतो त्या संख्येला) फसवतात. फर्माचं प्रमेय ‘मूळ असेल तर बाकी १’ एवढंच सांगतं; ‘बाकी १ असेल तर मूळ’ असं ते म्हणत नाही.

पाया बदलला तर ३४१ सापडते: ३^३४० ला ३४१ ने भागून ५६ उरतात. ५६१ मात्र अशी सापडत नाही. ५६१ = ३ × ११ × १७, आणि यातल्या प्रत्येकातून १ वजा केल्यावर येणाऱ्या २, १०, १६ या तिन्हींनी ५६० ला भाग जातो. त्यामुळे ५६१ शी सामाईक विभाजक नसलेला कोणताही पाया घ्या, बाकी १ च. अशा संख्यांना कारमायकल संख्या म्हणतात आणि त्या अनंत आहेत, हे १९९४ मध्ये सिद्ध झालं. म्हणजे पाये वाढवत राहणं हा उपाय नव्हे.

उपाय आहे मिलर–राबिन चाचणी, आणि तुमच्या प्रोग्राममध्ये चार ओळींची भर घालून ती होते. न − १ मधून २ चे सगळे घात बाहेर काढा: ३४० = ४ × ८५. आधी २^८५ ची बाकी काढा. ३४१ साठी ती ३२ येते. मग वर्ग करत जा. ३२ चा वर्ग १०२४, त्याची बाकी १. न मूळ असेल तर ज्याच्या वर्गाची बाकी १ येते अशा बाक्या दोनच: १ आणि न − १. इथे ३२ ही तिसरी सापडली, म्हणून ३४१ संयुक्त. वर विभाजकही मिळाले: ३२ − १ आणि ३४१ यांचा मसावि ३१, ३२ + १ आणि ३४१ यांचा ११. ५६१ लाही हेच लावा. ५६० = १६ × ३५; २^३५ ची बाकी २६३, मग १६६, ६७, १. इथे ६७ ने बिंग फोडलं.

एका पायावर तरीही विसंबू नका. पाया २ ला मिलर–राबिनमध्येही फसवणारी सर्वांत लहान संख्या २०४७ आहे, वरचीच मर्सेन संख्या, आणि तो योगायोग नाही. प मूळ असेल तर २^प − १ ही संख्या पाया २ च्या चाचणीत कायम पास होते, खरोखर मूळ असो वा नसो. मर्सेन संख्या तपासताना पाया ३ घेतात तो याचसाठी. २, ३, ५, ७ हे चार पाये घेतले तर पहिली चूक ३२१५०३१७५१ वर होते. ६४ बिटांत मावणाऱ्या सगळ्या संख्यांसाठी ३७ पर्यंतच्या बारा मूळ संख्या पाये म्हणून घ्या; तिथे चूक होतच नाही, हे तपासून झालेलं आहे. त्याहून मोठ्या संख्यांना यादृच्छिक पाये घ्या. दर पायाला फसण्याची शक्यता जास्तीत जास्त एक चतुर्थांश, म्हणून वीस पायांनंतर ती १ लाख कोटींत एकाहूनही कमी राहते. तरी अशा संख्येला काटेकोरपणे ‘बहुधा मूळ’च म्हणायचं.

संशय शून्यावर आणणारी, कोणत्याही संख्येला चालणारी आणि वेळेची हमी असलेली पद्धत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये आयआयटी कानपूरमध्ये दिली. सिद्धांत म्हणून ती फार मोठी गोष्ट आहे. प्रत्यक्ष कामाला मात्र विवृत्तीय वक्रांवर आधारलेली पद्धत वेगवान ठरते.

प्रश्न : प्रोग्रामिंग स्पर्धांत उत्तर १००००००००७ ने भागून बाकी द्या, असं सांगतात. हीच संख्या का? आणि भागाकार असला की माझं उत्तर चुकतं ते का?

ती मूळ आहे, १० अब्जांच्या आतल्या दहा अंकी मूळ संख्यांत सर्वांत लहान आहे आणि लक्षात राहते. शिवाय आकार सोयीचा. दोन बाक्यांची बेरीज ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात मावते, गुणाकार ६४ बिटांत मावतो. जावास्क्रिप्टच्या साध्या संख्येत हा गुणाकार मावत नाही. तिथे २^५३ च्या पुढे शेवटचे अंक गुपचूप बदलतात आणि त्रुटीही दाखवली जात नाही, म्हणून बिगइंट वापरा.

आता भागाकार. १३! = ६२२७०२०८००, बाकी २२७०२०७५८. तिला १३ ने भागून १२! मिळेल असं वाटतं, पण २२७०२०७५८ ला १३ ने भागच जात नाही. पूर्णांक भागाकार १७४६३१३५ देतो, आणि १२! आहे ४७९००१६००. बाकी काढताना मूळ आकड्याची विभाज्यता पुसली जाते. म्हणून १३ ने भागायच्या ऐवजी १३ च्या व्यस्ताने गुणायचं, म्हणजे अशा संख्येने जिला १३ ने गुणल्यावर बाकी १ उरते. ती १५३८४६१५५ आहे, कारण १३ × १५३८४६१५५ = २०००००००१५. पडताळा म्हणून २ चा व्यस्त ५०००००००४ आणि ३ चा ३३३३३३३३६ हे लक्षात ठेवा.

व्यस्त काढायला फर्माचं प्रमेयच उपयोगी पडतं: अ चा (१००००००००७ − २) वा घात. मापांक (ज्याने भागून बाकी काढतो ती संख्या) मूळ असला की शून्य सोडून प्रत्येक बाकीला व्यस्त मिळतो. संयुक्त मापांकात ही खात्री नसते. सी प्लस प्लसमध्ये वजाबाकीनंतर बाकी ऋण येऊ शकते, तिथे मापांक मिळवायला विसरू नका.

काही गणितांत ९९८२४४३५३ दिसते. ती ७ × १७ × २^२३ + १ आहे. मोठ्या बहुपदींच्या जलद गुणाकाराला १ वजा केल्यावर २ च्या मोठ्या घाताने भाग जाणारी मूळ संख्या लागते. १००००००००७ मधून १ वजा केला तर २ ने एकदाच भाग जातो.

प्रश्न : बँकेच्या व्यवहारांची गुप्तता मोठ्या मूळ संख्यांवर असते ना? मग ही चार कोटी अंकांची संख्या वापरली तर कुलूप अभेद्य होईल?

उलट, ते कुलूप उघडंच राहील. आरएसए पद्धतीत दोन मूळ संख्या गुप्त ठेवून त्यांचा गुणाकार जाहीर करतात. विक्रमी मूळ संख्या सगळ्या जगाला माहीत आहे. गुणाकाराला तिने भागलं की दुसरी हाती आलीच.

प्रत्यक्षात २०४८ बिटांच्या आरएसए किल्लीसाठी १०२४ बिटांच्या, म्हणजे तीनशेआठ-नऊ अंकी दोन मूळ संख्या लागतात. यादृच्छिक विषम संख्या घ्यायची, वरचे दोन बिट १ ठेवायचे, लहान मूळ संख्यांनी भागून सहज गळणाऱ्या काढायच्या आणि उरलेल्यांवर मिलर–राबिन चालवायची. या आकाराला सरासरी ७१० संख्यांत एक मूळ असते, म्हणजे साधारण ३५५ विषम संख्यांत एक. म्हणून ती सेकंदभरात मिळते. अशा मूळ संख्यांची यादी करून ठेवता येईल का, असंही एका पत्रात विचारलं आहे. त्यांची संख्या १ वर ३०५ शून्यं एवढी आहे. विषय तिथेच मिटतो.

कुलूप तुटतं ते निवडीतल्या हलगर्जीपणामुळे. दोन मूळ संख्या जवळजवळ असल्या तर काय होतं ते १००००३६००००९९ वर पाहा. वर्गमूळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या १००००१८. तिचा वर्ग १००००३६०००३२४. फरक २२५, म्हणजे १५ चा वर्ग. अवयव १००००१८ − १५ आणि १००००१८ + १५, म्हणजे १०००००३ आणि १००००३३. तेरा अंकी संख्या एका पायरीत फुटली. तीनशे अंकी संख्या पुरेशा जवळ असल्या तर त्यांचीही हीच गत होते.

दुसरी चूक यादृच्छिकतेची. दोन उपकरणांनी योगायोगाने एकच मूळ संख्या उचलली, तर त्यांच्या जाहीर गुणाकारांचा मसावि काढताच दोन्ही किल्ल्या उघडतात. २०१२ मध्ये संशोधकांच्या दोन गटांनी इंटरनेटवरच्या किल्ल्या तपासल्या आणि अशा जोड्या खरोखर सापडल्या. बहुतेक उपकरणं लहान होती. सुरू होताच किल्ली बनवायची, पण तेवढ्यात पुरेशी यादृच्छिकता जमलेली नसायची.

नीट निवडलेल्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार फोडण्यातला जाहीर विक्रम २५० अंकांचा आहे, २०२० मधला. चार कोटी अंकांची संख्या मूळ असल्याचं ठरवता येतं आणि सहाशे-सतरा अंकी गुणाकार फोडता येत नाही, यात विसंगती नाही. पहिलीला रूप आहे. दुसरी मुद्दाम रूप टाळूनच बनवलेली आहे.

मूळ संख्या प्रत्येक वेळी गुप्तच लागते असंही नाही. कर्व्ह २५५१९ या पद्धतीत २^२५५ − १९ ही एकच मूळ संख्या सगळे जण उघडपणे वापरतात, कारण तिथे गुपित दुसरीकडे असतं.

प्रश्न : घरच्या संगणकावर नवी मर्सेन मूळ संख्या शोधता येईल का? बक्षीस असतं असं ऐकलं. आणि नवी सापडली की तिच्यात २ मिळवून जोडमूळ संख्याही (२ च्या फरकाने असलेल्या दोन मूळ संख्यांतली दुसरी) मिळेल का?

शोधता येईल. जिम्प्स १९९६ पासून सुरू आहे. जॉर्ज वोल्टमन यांचा प्राइम९५ हा प्रोग्राम उतरवून घ्या, खातं उघडा आणि घातांक मागा. काम आपोआप मिळतं. आधी लहान विभाजक शोधतात (विभाजक २कप + १ या साच्यातलाच असतो, वर ३१ साठी ६२ आले ते यातूनच), ते न मिळाल्यास पाया ३ ची ‘बहुधा मूळ’ चाचणी लागते, आणि तीत पास झाली तरच ल्यूका–लेमर. २०२४ ची संख्या याच वाटेने आली. ऑक्टोबरमध्ये ग्राफिक्स प्रोसेसरवर ‘बहुधा मूळ’ ठरली, मग वेगळ्या यंत्रांवर आणि वेगळ्या प्रोग्रामांनी ल्यूका–लेमर चाचणी करून पक्की झाली.

खरी अडचण यंत्राची असते. इथले गुणाकार फूरिए रूपांतर या जलद पद्धतीने, फ्लोटिंग पॉइंट म्हणजे अपूर्णांकी संख्यांत होतात आणि दर फेरीला उत्तर जवळच्या पूर्णांकावर आणतात. यंत्र तापलं, मेमरी सदोष असली किंवा प्रोसेसर ठरल्याहून वेगाने पळवला, तर एखादा बिट उलटतो आणि पुढच्या कोट्यवधी फेऱ्या वाया जातात. ‘बहुधा मूळ’ चाचणीत गर्बिट्झ यांची पडताळणी असते. ती ठराविक फेऱ्यांनंतर अशी चूक पकडून प्रोग्रामला मागच्या योग्य टप्प्यावर परत नेते. ल्यूका–लेमरला असा भक्कम पहारा नाही, म्हणून पहिल्या फळीतलं काम आता तिच्याकडे नाही. सुरू करण्याआधी प्रोग्राममधली ताणचाचणी रात्रभर चालवा. तीत एक जरी त्रुटी दिसली तरी आधी वेग आणि तापमान खाली आणा, नंतरच घातांक घ्या. लॅपटॉप या कामाला लावू नका असं आमचं मत आहे. कित्येक दिवस सलग पूर्ण भार सोसण्यासाठी त्याची थंडाव्याची सोय केलेली नसते.

बक्षिसाचं म्हणाल तर, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने १० कोटी अंकांच्या पहिल्या मूळ संख्येसाठी १,५०,००० डॉलर ठेवले आहेत. त्यासाठी मर्सेन घातांक ३३ कोटी २२ लाखांच्या आसपास किंवा वर लागेल आणि एका चाचणीला आजच्याहून कितीतरी जास्त वेळ जाईल. वीजबिल बक्षिसातून भरून निघेल असा हिशेब करून कोणी उतरू नये.

नव्या संख्येला ‘त्रेपन्नावी’ म्हणायची घाई नको. आजवर ५२ मर्सेन मूळ संख्या माहीत आहेत, पण मोठ्या घातांकांतले सगळे दोनदा तपासून झालेले नाहीत. मधेच एखादी राहिलेली असू शकते.

जोडमूळ मात्र २ मिळवून कधीच मिळणार नाही. ३ हा अपवाद सोडला (३ आणि ५) तर प विषम असतो, आणि २^प − १ मध्ये २ मिळवले की होतं २^प + १, ज्याला ३ ने भाग जातोच: ७ ला ९, ३१ ला ३३, १२७ ला १२९. जोडीदार असलाच तर तो २ वजा करून मिळेल, जसा ७ ला ५ आणि ३१ ला २९. १२७ ला तोही नाही, १२५ आहे.